कापडाचं छत, पत्र्याचं छत

इंग्रजांच्या राजवटीतल्या गॅझेटियरात फैजपूरची ओळख दोन गोष्टींनी करून दिली आहे. एक म्हणजे इथली निळी-लाल रंगाई आणि छापील कापड, दुसरी म्हणजे इथला लाकडाचा बाजार. आज बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने गावात येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला केळीचे ट्रक दिसतात, साखर कारखान्याच्या पाट्या दिसतात, धनाजी नाना महाविद्यालय दिसतं. माझ्या मनातून मात्र ती नोंद जात नाही. माझा सगळा जन्म मोटारींचा पत्रा ठोकण्यात गेला आणि मोटारीच्या डोक्यावर पत्रा येण्याआधी हेच दोन जिन्नस होते, कापड आणि लाकूड.

मोटारींचा इतिहास लिहिणारे इंजिनावर लिहितात, मालकांवर लिहितात, राजेमहाराजांच्या रोल्स रॉईसवर तर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. छतावर कोणी लिहीत नाही. छत हा डेंटरचा विषय आणि डेंटर लिहीत नाहीत. आमचं गॅरेज यावल रस्त्याला, आता मुलगा बघतो. मला वेळ आहे, म्हणून जे हाताखालून गेलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं, ते मांडतो.

मध्यंतरी निंभोऱ्याकडच्या एका केळी बागायतदाराच्या खळ्यातून एक गाडी आमच्याकडे ओढून आणली. 1934 सालची फोर्ड सेडान. घरातल्या पणजोबांनी घेतलेली, कितीतरी वर्षं कडब्याखाली पडलेली. पणतू पुण्याला इंजिनियर आहे, त्याला तिची हॉट रॉड करायची होती. म्हणजे अंग जुनं ठेवायचं, आत दमदार इंजिन बसवायचं, चाकं रुंद करायची, गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली आणायची. मला म्हणाला, "नाना, वरचं भोक तेवढं पत्र्याने बुजवून द्या, बाकीचं मी बघतो."

मी त्याला म्हटलं, "भाऊ, आधी ते भोक कशाचं आहे ते बघू."

कारण ते मोडतोडीतून पडलेलं भोक नव्हतं. कारखान्यातून गाडी तशीच आली होती. चारी बाजूंनी पत्रा वर चढून वळलेला आणि मधोमध साडेतीन फूट रुंद, पाचेक फूट लांब अशी मोकळी चौकट. त्या चौकटीवर मूळचं कापडी छत होतं आणि त्याचे अवशेष अजून शिल्लक होते.

ते आम्ही सावकाश सोडवलं. कडेने एक बारीक धातूची पट्टी, तिच्याखाली चुका मारलेल्या, अगदी जवळजवळ. वरचं कापड रोगण दिलेलं, काळं. खानदेशच्या उन्हाने त्याचे पापुद्रे झाले होते, बोट लावलं की भुगा पडायचा. त्याखाली कापसाचा थर, उंदरांनी जागोजागी उकरलेला. कापसाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसली षटकोनी जाळी. जाळीखाली गाडीच्या लांबीने आणि रुंदीने लाकडी पट्ट्या. आपल्याकडचं धाब्याचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही: खाली कड्या, वर काड्या, त्यावर मातीचा थर. फरक इतकाच की इथे मातीच्या जागी कापूस आणि रोगणाचं कापड होतं.

जाळीच्या एका कोपऱ्याला डाग देऊन एक तार जोडलेली होती. ती पुढच्या खांबाच्या पोकळीतून खाली उतरत होती. पणतूला वाटलं दिव्याची असेल. ती रेडिओची तार होती. त्या काळच्या गाड्यांत छतातली जाळीच रेडिओची एरियल म्हणून वापरत. पुढे छत पत्र्याचं झालं आणि एरियलला गाडीच्या बाहेर जागा शोधावी लागली. इतकी साधी गोष्ट, पण मला ती तार हातात धरून बराच वेळ काही सुचलं नाही. या गाडीत बसून कोणी रेडिओ ऐकला असेल की नाही कोण जाणे. सोय मात्र करून ठेवलेली होती.

आता प्रश्न असा, की दारं पत्र्याची, बॉनेट पत्र्याचं, मागची पाठ पत्र्याची, मग नेमकं डोक्यावरच कापड का? पैसे वाचवायला, असं पुष्कळ जण म्हणतात. खरं कारण पोलादाच्या गिरणीत आहे. तेव्हाचे पत्रे तुकड्या-तुकड्यांनी लाटले जात आणि सेडानचं अख्खं छत एका तुकड्यात निघेल इतका रुंद, एकसारख्या जाडीचा, दाबाखाली न फाटणारा पत्रा स्वस्तात मिळतच नव्हता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ॲशलंड इथे आर्मको कंपनीच्या जॉन टायटस यांनी पत्रा अखंड लाटण्याची गिरणी 1924 मध्ये चालू केली. तिथून पुढे दहाएक वर्षांत रुंद पत्रा मुबलक झाला, त्याला दाबून आकार देणारे मोठे प्रेस आले, आणि मग जनरल मोटर्सने 1935 च्या गाड्यांवर एकाच पत्र्यातून ओढलेलं छत आणलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'टरेट टॉप'. फोर्डने आपल्या बंद गाड्यांवर अखंड पोलादी छत 1937 च्या मॉडेलला दिलं. म्हणजे आमच्यासमोर उभी असलेली गाडी त्या वळणाच्या अगदी अलीकडची होती.

दुसरं कारण आवाजाचं. मोठा, सपाट पत्रा चालत्या गाडीत वाजतो. इंजिनाची थरथर त्याला लागली की आत बसणाऱ्याचे कान बधिर होतात. कापड आणि कापूस हा आवाज गिळत होते. पोलादी छत आलं तेव्हा त्याला कमान द्यावी लागली आणि आतून अस्तर लावावं लागलं, तेव्हा कुठे ते गप्प झालं. हे मी अनुभवाने सांगतो. कमान नसलेल्या पत्र्याला नुसती टिचकी मारली तरी तो ढब् वाजतो.

इथे मला फैजपूरचं 1936 साल आठवल्याशिवाय राहत नाही. 27 आणि 28 डिसेंबरला राष्ट्रीय सभेचं अधिवेशन इथे भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांनी त्यासाठी खानदेश पालथा घातला. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट केली, ती बांबू, चटया आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून. त्याच हिवाळ्यात अमेरिकेत फोर्डच्या 1937 च्या पोलादी छताच्या गाड्या नुकत्याच दुकानांत आल्या होत्या. जगातल्या मोटारींच्या डोक्यावरून कापड आणि लाकूड उतरत होतं, आणि लाकूड-कापडाच्या या गावात देशाच्या पुढाऱ्यांसाठी बांबू-चटयांचं नगर उभं राहत होतं. मी यातून काही अर्थ ओढून काढत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यातल्या आहेत आणि मला त्या शेजारी ठेवून बघायला आवडतं.

आपल्याकडे मोटारीचं छत पत्र्याचं व्हायला जरा वेळ लागला. खाजगी गाड्या तयारच येत. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना 1928 पासून चालू होता, तिथे शेव्हरलेट जोडल्या जात. पण सर्वसामान्य माणूस बसायचा तो सर्व्हिस मोटारीत, आणि सर्व्हिस मोटार म्हणजे परदेशी चासीवर इथल्या सुताराने चढवलेलं लाकडी खोकं. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली, तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. ती बेडफोर्ड गाडीही लाकडी बॉडीची होती आणि तिच्यावर जाड कापडाचं छप्पर होतं. म्हणजे अमेरिकेत पोलादी छत येऊन तेरा वर्षं झाली होती आणि आपली एसटी कापडाखाली जन्माला आली. पुढे एसटीने पुण्याजवळ दापोडीला, औरंगाबादला चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्यात स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या. तिथे ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या गेल्या, आणि तीच लाल गाडी आपल्या लहानपणाची गाडी.

मी ज्यांच्या हाताखाली भुसावळला शिकलो ते उस्ताद अशा कापडी छपराच्या जुन्या सर्व्हिस गाड्यांवर पत्रा चढवण्याचं काम तरुणपणी करत. ते सांगायचे, पहिल्या पावसात गळणारी गाडी यायची आणि मालक म्हणायचा, ताडपत्री बदला. उस्ताद म्हणायचे, ताडपत्री दर दोन वर्षांनी बदलशील, पत्रा एकदा मार. कापडाचा खरा शत्रू ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, रोगण तडकतं, आणि मग जूनमध्ये त्या तडीतून पाणी आत उतरून लाकूड कुजवतं. कुजलेलं लाकूड बाहेरून कधी दिसत नाही. दार लागेनासं झालं की कळतं.

योगायोग असा, की 1948 च्याच जानेवारीत अमेरिकेत 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं. युद्ध संपलं होतं, कॅलिफोर्नियात सैन्यातून परतलेल्या पोरांच्या हातात अवजारांचं शिक्षण होतं आणि खिशात फारसा पैसा नव्हता. वीस-तीसच्या दशकातल्या फोर्ड गाड्या मातीमोलाने मिळत. त्या घ्यायच्या, हलक्या करायच्या, कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायच्या. या गाड्यांचं कापडी छत तोवर कुजलेलं असायचं आणि ते पुन्हा कापडाने मढवण्यापेक्षा पत्र्याने बुजवणं त्यांना सोयीचं वाटलं. त्यासाठी ते भंगारातल्या स्टेशन वॅगनचं छत कापून आणत. ते लांब असतं, त्याला दोन्ही दिशांनी मंद कमान असते, शिवाय पुष्कळदा मजबुतीसाठी पन्हाळ्या दाबलेल्या असतात. हे मी वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अमेरिकेतले डेंटरही भंगारातच जातात.

आपल्याकडे स्टेशन वॅगन कुठे मिळणार! मी जळगावच्या भंगार बाजारातून अँबॅसडरचं छत आणलं. उत्तरपाड्याला 1958 पासून 2014 पर्यंत ही गाडी निघत होती, तिचा पत्रा जाड, कमान भरदार, आणि रुंदी-लांबी आमच्या चौकटीला पुरून उरणारी. नवा आठ बाय चारचा पत्रा घेऊन ठोकून कमान देता येते, आम्ही दिलीही आहे, वाळूच्या पोत्यावर मोगरीने. पण प्रेसमधून एकदा नीट ओढलेली कमान हाताने काढायला जे कष्ट पडतात ते छताएवढ्या पत्र्याला परवडत नाहीत.

पत्रा कापण्याआधी गाडीच्या आत आडवे-उभे पाइप टाकून सांगाडा बांधून घेतला. लाकडी पट्ट्या काढल्या की दोन्ही बाजू किंचित उघडतात, आणि उघडलेल्या अवस्थेत छत जोडलं तर नंतर चारही दारं आयुष्यभर भांडतात. मग चौकटीची कड. चुकांच्या भोकांतून पाणी झिरपून ती आतून गंजलेली असतेच. गंज खरवडून, जिथे पत्रा कागदासारखा झाला होता तिथे नवी पट्टी लावून घेतली. त्यानंतर पुठ्ठ्याचा साचा. कमान जुळते का हे पाहायला मी बांबूची पातळ कांब वापरतो, ती छताच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत वाकवून धरली की उजेडाची फट कुठे दिसते त्यावरून उंचसखल कळतं.

अँबॅसडरचा तुकडा दोन्ही पत्र्यांत करवतीच्या पात्याएवढी फट राहील असा घासून बसवला. आता वेल्डिंगचे टाके. इथे घाई करणारा माणूस काम घालवतो. एका कोपऱ्यात टाका, मग समोरासमोरच्या कोपऱ्यात, मग बाजूंच्या मध्यावर, मग त्यांच्या मध्यावर. एका टाक्याजवळ लगेच दुसरा टाका द्यायचा नाही. टाका गरम असताना पत्रा फुगतो आणि थंड होताना आक्रसतो, आक्रसताना शेजारचा पत्रा आपल्याकडे ओढतो, आणि बघता बघता मधोमध खड्डा पडतो. म्हणून टाक्याची लाली विझायच्या आत खालून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडीने हलके ठोके द्यायचे, आक्रसलेला पत्रा परत पसरवायचा, आणि बाजूने ओलं फडकं फिरवायचं. उस्ताद म्हणायचे, "पत्रा मारू नको, सरकव." हे सगळं आम्ही सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत करायचो. दुपारी गाडीची एक बाजू उन्हात तापलेली, दुसरी सावलीत, अशा वेळी जोड दिला की संध्याकाळी तो वाकडा दिसतो.

शेवटचा भाग पुट्टीचा. आजकाल पोरं पुट्टीनेच छत बनवतात. खड्डा पडला, भर पुट्टी. आमच्या उन्हात जाड पुट्टी दोन उन्हाळ्यांत तडकते. जुने लोक सांध्यावर शिसं-कथील वितळवून भरत, ते पत्र्याबरोबर तापतं आणि पत्र्याबरोबर निवतं. या गाडीच्या सांध्याला मी कथलाचाच हात दिला, पुट्टी नखाएवढी. आतून आडव्या लोखंडी पट्ट्या टाकल्या आणि त्यांच्यामध्ये डांबरी अस्तर चिकटवलं, म्हणून आता पाऊस पडला तर आत बसून बोलता येतं.

काम सुरू करण्याआधी आमची बैठक झाली होती, तीही सांगतो. पणतूने विचारलं, व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का? केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेली गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, पहिली फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. छत वेल्डिंगने भरणं म्हणजे बॉडीच्या सांगाड्यातच हात घालणं. या गाडीच्या बाबतीत प्रश्न आधीच मिटलेला होता. कुठल्या तरी गॅरेजने पूर्वीच मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं आणि त्यासाठी पुढची चासी कापली होती. मूळ रूप उरलंच नव्हतं, म्हणून मी पत्रा लावायला तयार झालो. इंजिन मूळचं असतं आणि लाकूड थोडं जरी धड असतं, तर मी कापडच लावलं असतं, आणि ते लावणारा सुतारकाम-शिवणकाम करणारा माणूस भुसावळहून आणला असता. माझं मत स्पष्ट आहे. धड गाडीचं कापडी छत पत्र्याने बुजवणं हे जुन्या घराचं धाबं काढून स्लॅब टाकण्याइतकं सोपं समजू नये. ती मोकळी चौकट हा त्या वेळच्या गिरणीचा, प्रेसचा आणि सुताराचा पुरावा आहे.

आणि प्रत्येक उघडं छत बुजवायचं नसतंच. आमच्याच रस्त्याने रोज केळीचे ट्रक जातात. केळीचा घड स्वतः उष्णता सोडतो, त्याला वारा लागतो. आम्ही ट्रकच्या बाजूच्या फळ्या बांधतो तेव्हा वरून मोकळंच ठेवतो, गरजेपुरती ताडपत्री.

त्या फोर्डच्या लाकडी पट्ट्या, जाळीचा तुकडा, रेडिओची तार आणि कडेची धातूची पट्टी मी गोणपाटात बांधून, चौकटीची मापं कागदावर लिहून मालकाच्या घरी पोचवली आहेत. कधी कोणाला मूळ छत करावंसं वाटलं तर मापं तरी हाताशी असतील.

खानदेशात जुन्या वाड्यांच्या परसात, जिनिंगच्या आवारात, शेतातल्या शेडमध्ये अशा गाड्या अजून असतील. तुमच्याकडे असेल तर डेंटरला बोलावण्याआधी छताचे फोटो काढा, वरून आणि आतूनही. पट्ट्या किती, चुका किती अंतरावर, कापड किती पदरी, हे लिहून ठेवा. घरात जुन्या सर्व्हिस मोटारीचा फोटो असेल तर त्याच्या मागे साल आणि गाव लिहा. आणि ज्या डेंटरने, सुताराने ते काम केलं त्याचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ती नावं दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत.